शुक्रवारी पाच वाजेपर्यंतचा आजार

गुरुवारी दुपारी दमयंती खांदा कॉलनीतल्या आपल्या घराचा जिना चढली ती जवळजवळ पळतच. अठ्ठावन्नावं वर्ष, गुडघ्यांची रोजची तक्रार, हातात भाजीची पिशवी. पण पोटात एक बातमी होती आणि ती बातमीच तिला वर ओढत होती.

मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टर शशिकला मॅडमनी तासाभरापूर्वी भाजीबाजारात भेटल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कॉलेजला यंदा विद्यापीठाचं पहिलं पारितोषिक मिळालं होतं, विद्यार्थ्यांना रुग्णाशी नीट बोलायला शिकवल्याबद्दल. आणि मॅडमनी स्वतः लिहून दिलं होतं की या यशाचा मोठा वाटा दमयंतीबाईंचा आहे. उद्या संध्याकाळी कॉलेजचं वार्तापत्र फळ्यावर लागणार, त्यात तिचा फोटो येणार.

"पण उद्या पाचपर्यंत एक शब्द नाही हं," मॅडमनी बजावलं होतं. "परीक्षा आहे. तुम्ही सही केलीय."

परीक्षेतलं काही बाहेर सांगणार नाही, अशा कागदावर तिनं सही केली होती हे खरं. दमयंतीचं तिथलं काम आजारी पडण्याचं होतं. चार महिन्यांपूर्वी ती शेजारणीबरोबर डोळे तपासायला गेली होती. कँटीनमध्ये तिनं शेजारणीच्या कण्हण्याची नक्कल केली, तेव्हा मागच्या टेबलावर बसलेल्या मॅडमच्या हातातला चहा सांडला. तेव्हापासून सोमवारी आणि बुधवारी ती कॉलेजात जाई. एक कागद मिळे, त्यावर आजार लिहिलेला असे. ती खाटेवर झोपून कण्हे आणि होऊ घातलेले डॉक्टर तिला प्रश्न विचारत. घरी तिनं सांगितलं होतं की महिला मंडळात भजनाला जाते. नवऱ्याला, कमलाकरला, ही कल्पना मानवली नसती. खोटं आजारी पडलं की खरा आजार घर शोधत येतो, असं त्याचं ठाम मत होतं. आणि दुसरं म्हणजे, एवढ्या वर्षांत हे एकच काम तिचं एकटीचं होतं.

दारापाशी आली आणि तिचे पाय थबकले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यात काशीरामदादांचे जाड तळव्याचे काळे सँडल.

काशीराम म्हणजे कमलाकरचा थोरला भाऊ. ओवे गावात राहायचा. सहा वर्षांत त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. मितेशच्या, म्हणजे दमयंतीच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत पहिलंच नाव छापून आलं होतं 'कै. काशीराम'. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर ते लक्षात आलं. काशीराम म्हणाला, "मला मारलात ना? मग मेलेला मानूस हळदीला कशाला येईल?" कमलाकर म्हणाला, "चूक प्रेसवाल्याची, मी कशाला माफी मागू?" झालं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

म्हणजे कोणीतरी गेलं. नक्कीच कोणीतरी गेलं. दमयंतीनं मनातल्या मनात सगळे म्हातारे मोजले आणि दार ढकललं.

हॉलमध्ये काशीराम कमलाकरच्या खुर्चीत बसला होता. त्याची बायको वेणू सोफ्यावर पदरानं डोळे पुसत होती. मितेश आणि त्याची बायको मोनाली भिंतीला टेकून उभे होते. आणि स्वयंपाकघरातून कमलाकर चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला. त्याला चहा करताना पाहिल्यावर दमयंतीची खात्रीच पटली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं गॅस पेटवला नव्हता.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

त्यावर वेणू मोठ्यानंच रडायला लागली. मितेशनं धावत येऊन आईच्या हातातली पिशवी घेतली. "मम्मी, तू बस. बस आधी. पाय वर घे."

"अरे पन झालं काय?"

"आमाला सगलं कललंय, दमे," वेणू म्हणाली. "आता लपवू नको. आपल्या गावची भीमाबाई डोल्यांच्या तपासनीला गेलती तिकडं. काल तिनं काचेतून बघलं तुला. तोंड वाकडं, एक हात लुला पडलेला. मला येऊन सांगतं, तुमची जाव गेली हातची!"

दमयंतीला आठवलं. बुधवार. पक्षाघात. चांगला झाला होता तिचा पक्षाघात. दोन विद्यार्थिनी घाबरून मॅडमना बोलवायला पळाल्या होत्या.

"आणि सोमवारी माझ्या ट्रकवरच्या कळंबोलीच्या ड्रायव्हरनं बघितलं," मितेश म्हणाला. "छाती धरून बसलेलीस. मला वाटलं त्याला भास झाला. पण मग मोठ्या आईचा फोन आला, आणि मोनालीला तुझ्या पर्समध्ये..."

मोनालीनं घडी घातलेला कागद पुढे केला. "सॉरी मम्मी. मी स्कूटीची चावी शोधत होते."

दमयंतीनं लांबूनच कागद ओळखला. उद्याच्या परीक्षेची केस. कॉलेजच्या नियमाप्रमाणे वरचं नाव आणि वय ज्याचं त्याचंच असायचं, म्हणजे बोलताना गडबड होत नाही.

काशीरामनं कागद घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. "दमयंती, वय अठ्ठावन्न. तीन महिने खोकला. खोकल्यातून रक्त पडतं. वजन आठ किलो घटलंय." तो थांबला. सगळ्यांनी दमयंतीकडे बघितलं. ती सोफ्याचा निम्मा भाग व्यापून बसली होती.

"आतून घटलं असल," वेणू म्हणाली.

"व्यसन," काशीराम पुढं वाचू लागला, "वीस वर्षं रोज दहा विड्या." कागद खाली घेऊन त्यानं भावजयीकडे नुसतं पाहिलं. "दहा? रोज? आनि आमाला कधी वास पन आला नाय?"

कमलाकर कपबशी हातात धरून उभा होता. "मला वाटायचं बाथरूममधे खिडकीतनं येतो वास," तो हळू आवाजात म्हणाला. "खालचा गुरखा ओढतो म्हनून मी त्याला किती बोललो."

दमयंतीला हसू आवरेना. तिनं ते दाबलं, त्यातून ठसका आला, आणि तो ठसका ऐकून पाचही जण एकदम पुढे झाले.

"शेवटची ओल वाच ना," वेणू म्हणाली.

"शेवटी लिहिलंय," काशीरामनं चष्मा वर सरकवला. "चिंता. नवऱ्याला सांगितलेलं नाही. तो घाबरेल म्हणून."

कमलाकरनं कपबशी टीपॉयवर ठेवली आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. "भजनाला जाते म्हनून सांगायची," तो तिकडूनच म्हणाला. "आनि मी दर खेपेला विचारायचो, आज कंचा अभंग झाला. आनि ही मला म्हनून दाखवायची!"

आता मात्र दमयंतीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिनं तोंड उघडलं. 'अहो, ते खरं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण काशीरामची नात मनस्वी त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती आणि उद्या तिचीही परीक्षा होती. नात्यातली म्हणून मॅडमनी मनस्वीला मुद्दाम दुसऱ्या खोलीत टाकलं होतं, पण केस सगळ्या खोल्यांत तीच होती. आज इथं काशीरामसमोर केस फोडली, तर रात्रीपर्यंत ती हॉस्टेलवर पोचायची. सही दमयंतीची होती. आयुष्यात बँक सोडून दुसरीकडे कुणी तिची सही मागितली नव्हती.

"उद्या पाचनंतर सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. तोवर काही विचारू नका."

"रिपोर्ट येनार असल पाचला," वेणू कुजबुजली.

आणि मग पुढे काय करायचं यावर जुंपली. मितेश म्हणाला, उद्या सकाळीच मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. वेणू म्हणाली, आधी गावदेवीला नारळ ठेवायचा. मोनालीनं मोबाइलवर काहीतरी शोधून दमयंतीला नुसता दुधी खाऊ घालावा असं सांगितलं. काशीराम ठणकावून म्हणाला, "मुंबई कशाला? आपली मनस्वी हाय ना तिथं! आपल्या कॉलेजाची डॉक्टर मंडली काय कमी हायत?"

"मोठे बाबा, मनस्वी अजून शिकतेय," मितेश म्हणाला.

"दादा बरोबर बोलतोय," गॅलरीतून कमलाकर आत येत म्हणाला. "घरचं मानूस असलं म्हंजे बघतात नीट."

सहा वर्षांनी कमलाकरच्या तोंडून 'दादा' निघाला होता. काशीरामनं त्याच्याकडे न बघता बशी पुढे केली. "साखर कमी पडली," तो म्हणाला. कमलाकर मुकाट्यानं साखर आणायला आत गेला.

दमयंतीनं ते पाहिलं आणि सोफ्यावर मागे टेकली. पाय उशीवर घेतले. एक दिवस आजारी राहायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं. उलट तिनं अंमळ खोकून घेतलं.

पण आजारी माणसाजवळ लोक काय काय बोलतात हे तिला ठाऊक नव्हतं. आधी मोनाली आली आणि कानात म्हणाली की मागच्या वर्षी सुक्या बोंबलांचा डबा मांजरानं नाही, तिनंच फेकला होता. वास सहन होत नव्हता. मग वेणू आली. गावातल्या एका जुन्या लग्नात दमयंतीच्या हिरव्या शालूवर रस्सा सांडला तो धक्का लागून नव्हे. "मला पन तसाच शालू पायजे व्हता गं," असं म्हणून वेणू तिच्या गळ्यात पडली. दमयंतीनं दोघींना माफ केलं. डोळे मिटून, हात किंचित वर करून, जसं सोमवारी छातीत दुखताना केलं होतं तसं.

शेवटी काशीराम खुर्ची ओढून जवळ बसला. बाकीचे स्वयंपाकघरात होते.

"दमयंती," तो म्हणाला, "तू जानार असशील तर माजं एक वझं घेऊन जा."

"दादा, कुठं जाते मी..."

"ऐक. ती पत्रिका. छापायच्या आधी प्रेसवाल्यानं कच्चा कागद मलाच आनून दाखवला व्हता. मी चष्मा इसरलो व्हतो. आनि त्या पोऱ्याला कसं सांगू, मला दिसत नाय? मी बगितल्यासारकं केलं आनि खाली सही ठोकली." त्यानं स्वतःच्या गुडघ्यावर मूठ आपटली. "माज्या मरनावर मीच सही केली, आनि सहा वर्षं कमल्याला बोल लावला. आता कुनच्या तोंडानं सांगू?"

दमयंतीला खरोखरच छातीत कळ आल्यासारखं झालं. ही कबुली तिनं चोरली होती. लहानपणी दुसऱ्याच्या मिठागरातून खडे उचलताना वाटायचं तसं तिला वाटलं.

"दादा, मला नका सांगू," ती म्हणाली. "यांना सांगा."

"तू बरी झालीस की सांगीन," काशीराम म्हणाला आणि डोळे पुसून उठला.

शुक्रवारी सकाळी मितेशच्या गाडीतून सगळी वरात कॉलेजला निघाली. दमयंतीला पुढं बसवलं, मांडीवर उशी दिली. कॉलेजात पोचल्यावर तिनं बाहेरच्या बाकांकडे बोट दाखवलं. "आत एकटीलाच सोडतात. तपासणी लांबणार. तुमी इथून हलू नका," असं म्हणून ती अकरा नंबरच्या खोलीत शिरली आणि दार लावून खाटेवर चढली.

मॅडमनी विचारलं, "बरं आहे ना? चेहरा उतरलाय."

"केसमध्येच तसं लिहिलंय," दमयंती म्हणाली.

खोलीत परगावच्या कॉलेजातून आलेले एक परीक्षक कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. टक्कल, बारीक चष्मा, चेहऱ्यावर रेषाही हलत नव्हती. घंटा वाजली की एक विद्यार्थी येई, दहा मिनिटं बोले आणि जाई. दुपारपर्यंत दमयंती बारा वेळा खोकली, बारा वेळा विड्यांची कबुली दिली. जेवणाच्या सुट्टीत तिनं खिडकीतून पाहिलं. बाकावर दोघं भाऊ एकाच डब्यातून भाकरी खात होते.

चारच्या सुमारास रिया नावाची मुलगी आली. घाबरली होती, हातातला स्टेथोस्कोप दोनदा पडला. दमयंतीला तिची दया आली. तिला काहीतरी ठोस मिळावं म्हणून तिनं खोकला जरा जोरात काढला. पोटापासून, लांबलचक, शेवटी घशात शिट्टी वाजवणारा.

दार धाडकन उघडलं. काशीराम आत होता.

"काय चाललंय हितं? मानूस मरतंय आनि तू लिहीत बसलीस? हात धर आधी तिचा!"

मॅडम उठायला लागल्या, पण कोपऱ्यातल्या परीक्षकांनी बोट वर करून त्यांना थांबवलं. ते पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले होते. त्यांना वाटलं हा परीक्षेचाच भाग.

रियालाही तेच वाटलं. तिनं दमयंतीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही यांचे कोण?"

"थोरला दीर! आनि काय इचारायचं ते मला इचार. हिला बोलाया दम नाय. खोकला तीन महिने, रगत पडतंय, रोज दहा विड्या, वीस वर्षं! चोरून!"

"दादा, बाहेर जा हो," दमयंती दातांतून म्हणाली.

"जात नाय! सहा वर्षं लांब राहिलो ते बास झालं." तो रियाकडे वळला. "बाय, तू डॉक्टर हायस ना? सांग मला. जगल ना ही?"

रियानं एक खुर्ची ओढली, काशीरामला खांद्याला धरून बसवलं, स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "आजोबा, आत्ता मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं सांगणार नाही. आधी काही तपासण्या करू. मला यांच्याशी थोडं एकटीनं बोलायचंय. त्यांची हरकत नसेल तर मग तुमच्याशी बोलेन. मी तुम्हाला शोधत येईन, तुम्ही शोधायचं नाही. चालेल?"

काशीरामनं मान हलवली. दोन घोट पाणी प्यायला आणि शहाण्या मुलासारखा बाहेर गेला. दमयंतीच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

घंटा वाजली. परीक्षकांनी भराभरा लिहिलं आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "हे नातेवाईक कुठून मिळवलेत? आमच्याकडे असा एकही नाही."

पाच वाजून दोन मिनिटांनी दमयंती बाहेर आली. पाचही जण उभे राहिले. तिनं पदर सारखा केला, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि एका दमात सारं सांगून टाकलं. पक्षाघात खोटा, छाती खोटी, विड्या खोट्या, भजनही खोटं.

तेवढ्यात परीक्षा संपवून मनस्वी जिन्यावरून उड्या मारत आली. "धाकटी आजी! तू इथं येतेस आणि मला पत्ताच नाही? तुझा फोटो आलाय! आणि आजोबा, तुम्ही सगळे कसे काय इथं? सत्काराला?"

ती सगळ्यांना ओढत फळ्यापाशी घेऊन गेली. नुकतंच लावलेलं वार्तापत्र होतं. काशीरामनं चष्मा लावला आणि अगदी वरपासून वाचायला घेतलं. मधलं गाळायचं त्याला मान्य नव्हतं. रक्तदान शिबिरात तीनशे बाटल्या. डायलिसिसचा नवा कक्ष. मिठागरात काम करणाऱ्या बायकांच्या टाचांवरचं संशोधन परदेशी नियतकालिकात. प्रश्नमंजूषेत विद्यार्थी राज्यात दुसरे. "मधे टाचा बिचा कशाला," वेणू कुरकुरली, "खाली वाच." आणि सगळ्यात खाली, विद्यापीठाच्या पारितोषिकाच्या बातमीत, खाटेवर तोंड वाकडं करून पडलेली दमयंती. फोटोखाली लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांना ऐकायला शिकवणाऱ्या श्रीमती दमयंती.'

कमलाकर तो फोटो बराच वेळ बघत राहिला. "तोंड सरळ असताना नाय का काढता आला?" तो म्हणाला. पण मग त्यानं मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घेतला. तीनदा.

"म्हंजे तुला काय झालेलं नाय?" काशीराम अचानक वळला. आता त्याचा चेहरा लाल होत चालला होता. "धडधाकट हायस? आनि काल माज्याकडून काय काय बोलून घेतलंस!"

"काय बोललास, दादा?" कमलाकरनं विचारलं.

दमयंतीनं लगेच मध्ये तोंड घातलं. "काय नाय. देवाधर्माचं बोलत होते."

काशीरामला सुटायला वाट होती. सगळे निघायच्या बेतात होते, मितेशनं गाडीची चावीही काढली होती. पण काशीराम फळ्यापाशीच उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कमल्या," तो म्हणाला, "त्या पत्रिकेच्या कच्च्या कागदावर सही माजी व्हती."

"म्हाईत हाय," कमलाकर म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"प्रेसवाल्यानं तेव्हाच आनून दिला तो कागद. माझ्या कपाटात हाय अजून."

"आनि सहा वर्षं बोलला नायस?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतास," कमलाकर म्हणाला. "सांगू कसं?"

वेणूनं आधी नवऱ्याच्या आणि मग दिराच्या पाठीत हातातली पर्स हाणली. मोनालीला हसू फुटलं, मग मितेशला, आणि मग काशीराम असा काही हसायला लागला की खालच्या मजल्यावरून रखवालदार बघायला आला.

त्या गलक्यातच शशिकला मॅडम आल्या. त्या काशीरामलाच शोधत होत्या. "आजोबा, पुढच्या सत्रात आमच्याकडे याल का? चिडलेल्या नातेवाइकाचं काम आहे. मुलांना त्याचीच फार भीती वाटते."

काशीरामनं मिशीवरून हात फिरवला. "करावं काय लागल?"

"काही नाही. यायचं आणि भांडायचं."

त्यानं थोडा विचार केला. मग शेजारी उभ्या असलेल्या कमलाकरच्या खांद्यावर हात टाकून त्याला पुढं ओढलं.

"येतो," तो म्हणाला. "पन ह्याला पन घ्या. परक्या पोरींवर मला चिडाया जमनार नाय. ह्याच्यावर चिडायचं असलं तर तालीम बी नको."